स्नायूचा सौदा

"वारा धरून ठेवता येतो ना तुम्हाला?"

सर्जनबाईंनी विचारलं. बोलणं कोकणीत चाललं होतं, इथे मराठीत लिहितो. वयाने त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी तरी लहान असतील. केसपेपरवर पेन टेकवून उत्तराची वाट बघत होत्या. शेजारी बायको बसलेली. मी 'हो' म्हणालो. लगेच पुढचा प्रश्न: जुलाब लागले तर संडास गाठेपर्यंत कळ काढता येते? कधी नकळत कपड्यांना लागलंय? सहकारी बँकेत लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर 'परतफेडीची क्षमता' तपासण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. माझी स्वतःची क्षमता कुणी अशी खोदून विचारेल असं वाटलं नव्हतं. दुखतं कुठे, पू किती येतो, हे त्यांनी नंतर विचारलं.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. जखम भरली. भगंदराबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या पहिल्या प्रश्नातून निघतं. हा आजार निव्वळ बरा करणं तसं फार अवघड नाही. गुदद्वाराजवळची पू येण्याची नळी सापडली की ती उभी कापायची, उघडी ठेवायची, तळापासून भरू द्यायची. माणसाला हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. अवघड आहे तो त्या नळीच्या वाटेत येणारा स्नायू. किती कापायचा, किती राखायचा, आणि हे ठरवायचं कुणी? लाजेपायी माणसं डॉक्टरकडे उशिरा जातात, हे तर सगळेच सांगतात. मला लाजेचं नुकसान त्याच्या पुढच्या पायरीवर दिसलं. गेल्यावरही माणूस 'काय ते करून टाका डॉक्टर' एवढंच म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळतो. सौदा त्याच्या शरीराचा, आणि बोलणी त्याच्या पाठीमागे.

सुरुवात गळवाने झाली. मे महिन्याचा घाम, अंगात कणकण, आणि गुदद्वाराच्या बाजूला लिंबाएवढी ठणकणारी गाठ. फोंड्याच्या तिस्कावरून स्कूटरने बँकेत जाताना प्रत्येक गतिरोधक ओळखीचा झाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाठ आपोआप फुटली, पू गेला, आणि इतकं हलकं वाटलं की घरात शिरा झाला. मग काही आठवड्यांनी त्याच जागी ओल. पुन्हा गाठ, पुन्हा फुटणं. आईने निदान करून टाकलं: मूळव्याध. मावशीने दुजोरा दिला आणि सुरणाची भाजी पाठवली.

आपल्याकडे त्या भागात काहीही झालं तरी ती मूळव्याधच. विजेच्या खांबांवरच्या पत्र्याच्या पाट्याही मूळव्याध, फिशर, भगंदर असं तिघांना एका ओळीत बसवतात आणि खाली 'बिना ऑपरेशन, गॅरंटीने' लिहितात. तिन्हींचा एकमेकांशी संबंध शेजाराइतकाच. मूळव्याधीत गुदमार्गातल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात आणि बहुधा न दुखता रक्त जातं. फिशर म्हणजे चीर. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी वेदना ही तिची खूण. भगंदरात आतल्या मार्गापासून बाहेरच्या कातडीपर्यंत एक आडवाट तयार होते, आणि तिच्यातून पू, कधी पाणी, कधी रक्त झिरपत राहतं. तोंड बंद झालं की गाठ येते, ठणका लागतो, फुटतं, बरं वाटतं. हे 'बरं वाटणं' फार फसवं. त्याच्या भरवशावर माणसं वर्षं काढतात.

ही वाट तयार कशी होते, हे सर्जनबाईंनी एका जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून सांगितलं. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा. त्याच्या मधोमध आतून एक दातेरी रेषा, रेषेलगत बारीक खिसे, आणि त्या खिशांत उघडणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी. भोवती स्नायूंची दोन कडी. आतलं कडं आपल्याला न विचारता चोवीस तास आवळून बसलेलं असतं. बाहेरचं आपल्या हुकमातलं. एखादी ग्रंथी तुंबली, जंतू माजले की पू या दोन कड्यांमधल्या फटीत साठतो आणि तिथून कातडीकडे निघतो. ते गळू. गळू फुटल्यावर अनेकांचं तिथेच मिटतं. काहींचं आतलं तोंड उघडंच राहतं, तिथून घाण आत जात राहते, आणि वाटेला कायमचं अस्तर धरतं. ग्रंथीपासून सुरू होणारी ही कथा लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले ॲलन पार्क्स यांनी १९६१ मध्ये नीट मांडली. पुढे १९७६ मध्ये नळी स्नायूंच्या मधून, आरपार, वरून की पार बाहेरून जाते त्यावर त्यांनी भगंदराचे चार प्रकार केले. आजही एमआरआयच्या रिपोर्टात तेच शब्द येतात.

माझं आजोळ बोरीचं, खाजन शेतीतलं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीतलं. बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली की भरतीचं खारं पाणी शेतात झिरपायचं. आम्ही पोरं शेताच्या बाजूने चिखल थापून मोकळे व्हायचो आणि मामा ओरडायचे, कारण नदीच्या बाजूचं तोंड सापडल्याशिवाय त्या चिखलाला अर्थ नसे; पाणी बांधाच्या पोटात हिंडून दुसरीकडून निघे. भगंदराच्या बाहेरच्या तोंडावर मलम चोपडणं म्हणजे तोच शेताकडचा चिखल. अँटिबायोटिकने काही दिवस कोरडं होतं, ताप उतरतो, पण वाट काही मिटत नाही. आतलं तोंड शोधा, हे निदानाचं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं काम.

हे तोंड शोधायच्या युक्त्या मला आजारापेक्षाही रंजक वाटल्या. सर्जन गुदद्वाराचं घड्याळ करतात: माणूस उताणा, पाय वर, पुढची बाजू बारा, पाठीकडची सहा. सेंट मार्क्सच्याच डेव्हिड गुडसॉल यांनी १९०० मध्ये एक ठोकताळा सांगितला. घड्याळावर मधोमध आडवी रेघ ओढा. बाहेरचं भोक रेघेच्या पुढे असेल तर नळी बहुधा सरळ आत जाते. मागे असेल तर वळसा घेऊन सहाच्या ठोक्यावर उघडते. पुढचं भोक कडेपासून बरंच लांब असलं तर तेही वळसा घेऊ शकतं. नियम सव्वाशे वर्षांचा, अपवादांसकट अजून शिकवतात. बोट घालून तपासताना कातडीखाली दोरीसारखी कडक नळी लागते. भूल दिल्यावर बाहेरच्या भोकातून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि आत कुठे बुडबुडे येतात ते बघतात. बोथट सळई अलगद घालून वाट चाचपतात. 'अलगद' हा शब्द सर्जनबाईंनी दोनदा उच्चारला. सळईला जोर दिला तर ती स्वतःच नवी खोटी वाट पाडते, आणि एका भगंदराचे दोन होतात.

माझ्या बाबतीत बोटाला लागलेली दोरी लवकर वर, स्नायूत शिरत होती, म्हणून एमआरआय. साध्या, उथळ नळीला तो लागतोच असं नाही. वाट स्नायूतून जात असेल, फाटे असतील, किंवा आधी ऑपरेशन होऊन पुन्हा उपटलं असेल, तर त्याच्याशिवाय हात घालू नये, असं त्यांचं स्पष्ट मत. विशिष्ट पद्धतीच्या त्या चित्रांत चरबी काळी पडते आणि पू पांढरा लखलखतो. स्नायूच्या काळसर कड्यातून पांढरी रेघ कुठून कुठे गेली ते साध्या डोळ्यांनाही दिसतं.

एमआरआय एका खाजगी केंद्रात केला. काउंटरवरच्या पोराने माझं पूर्ण नाव आणि त्यापाठोपाठ तपासणीचं नाव खणखणीत आवाजात पुकारलं. गोव्यात पाच माणसं बसली असतील आणि त्यांतलं एकही ओळखीचं नसेल, तर आपण चुकून बेळगावात आलोय असं समजावं. त्या बाकावर आमच्या बँकेचे एक जुने ठेवीदार होते. ते वर्तमानपत्रात इतके खोल शिरले की मलाच त्यांची कणव आली.

रिपोर्ट असा: आतलं तोंड सहा वाजता, नळी दोन्ही कडी ओलांडणारी, बाहेरच्या स्नायूचा खालचा तिसरा हिस्सा तिच्याखाली येणारा, आणि मागच्या बाजूला पुवाचा एक छोटा कप्पा. या एका तृतीयांशावर पुढची सगळी गोष्ट अडून होती. रक्तातली साखर तपासली. आपल्या देशात आणखी एक शंका घ्यावीच लागते ती क्षयाची. म्हणून नळीचा तुकडा तपासायला जाणार, हे आधीच सांगून ठेवलं. आतड्याचा क्रोन्स नावाचा आजारही कधी कधी भगंदर होऊन पहिल्यांदा तोंड दाखवतो; पोटाच्या तक्रारींबद्दल त्यासाठीच इतकं विचारलं होतं.

त्या दिवसांत बसण्यापेक्षा पालथं पडून वाचणं बरं वाटे, आणि वाचता वाचता चौदावा लुई भेटला. १६८६ साल. सप्टेंबरात औरंगजेबाने विजापूर घेतलं. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, तिकडे व्हर्सायमध्ये फ्रान्सचा हा सूर्यराजा भगंदराच्या ऑपरेशनसाठी पलंगावर पालथा पडला. भूल नावाची गोष्ट जगात यायला दीडशेहून अधिक वर्षं होती. शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या त्याच्या जर्राहाने आधी काही महिने पॅरिसमधल्या गरीब रोग्यांवर हात बसवून घेतला होता आणि या कामासाठी खास वाकडी सुरी घडवली होती. त्या गरिबांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. राजा बरा झाला, फेलिक्सला सरदारकी आणि जमीन मिळाली, आणि ज्यांना काही झालं नव्हतं असे दरबारीसुद्धा 'आमचंही कापा' म्हणून जर्राहांच्या मागे लागले, अशी नोंद आहे. आजार तोच, जागा तीच. राजाला झाला तेव्हा त्याची फॅशन झाली. तेव्हा ही लाज जागेची नसावी, माणसाच्या पायरीची असावी, असं मला पालथं पडल्या पडल्या वाटून गेलं.

इंग्रजांनी निदान सरळपणे पाटी लावली. फ्रेडरिक सॅल्मन यांनी १८३५ मध्ये लंडनमध्ये सात खाटांचा दवाखाना काढला तेव्हा गरिबांचा फिस्टुला आणि गुदाचे इतर रोग हे त्याच्या नावातच होतं. तेच पुढचं सेंट मार्क्स. चार्ल्स डिकन्सचा भगंदर १८४१ मध्ये याच सॅल्मननी कापला. पुढच्या वर्षी इकडे पणजीत पोर्तुगीजांची वैद्यकशाळा सुरू झाली, जिचं आजचं रूप म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. तिथल्या ओपीडीत एक सकाळ काढली तर कोकणी, मालवणी, कारवारकडची कोकणी, कानडी असं सगळं कानावर येतं. सावंतवाडी-दोडामार्गापासून माणसं येतात. आणि शस्त्रक्रिया विभागाच्या रांगेत काही जण बाक रिकामा असूनही उभेच असतात. मी त्यांच्याकडे बघून ओळखायला शिकलोय.

तर सौदा. बाईंनी तो असा मांडला. पूर्ण उघडून कापलं, तर तुमच्यासारख्या नळीत दहातले नऊ जण कायमचे बरे होतात, पण खालचा स्नायू जातो. तो जाऊनही बहुतेकांचं छान चालतं. काहींना वारा अडवणं जड जातं, क्वचित पातळ शौच निसटते. बाईमाणसाला, त्यातही अवघड बाळंतपणं झालेली असतील तर, हाच हिशेब अगदी वेगळा येतो. पुढच्या बाजूला त्यांचा स्नायू मुळातच तोकडा असतो. स्नायूला न दुखवणाऱ्या पद्धतीही आहेत. थायलंडच्या अरुण रोजनासकुल यांनी २००७ मध्ये सांगितलेली 'लिफ्ट': दोन कड्यांच्या फटीत शिरून तिथेच नळी बांधून तोडायची. आतल्या तोंडावर अस्तराचा पडदा ओढून शिवणं. दुर्बिणीतून नळी आतून जाळणं, लेझर, आणि डुकराच्या आतड्यापासून केलेली बुचं. (हे शेवटचं मी घरी आईला सांगितलं नाही.) यांत स्नायू राहतो, पण आजार परत यायची शक्यता वाढते, दहातले सहा-सात बरे होतात, कुठे जास्त, कुठे कमी, आणि अभ्यासागणिक आकडा हलतो. लेझर शब्द ऐकून माझे डोळे चमकले असावेत. त्या म्हणाल्या, "लेझर हे हत्यार आहे. कुठे मारायचं ते कळलं तरच उपयोग."

मग मला म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुम्हाला कशाची भीती जास्त? परत होण्याची, की थोडा ताबा जाण्याची?"

मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे. हा प्रश्न आम्हाला आजवर कुठल्याच डॉक्टरने विचारला नव्हता. बाबांच्या हृदयाच्या वेळीसुद्धा नाही. उत्तर द्यायला मी थोडे दिवस मागून घेतले आणि तेवढ्यात पहिली पायरी उरकली, ती दोन्ही वाटांना सारखीच होती. कमरेत सुई देऊन तपासणी, पुवाचा कप्पा मोकळा करणं, आणि नळीतून एक सैल दोरा ओवून बाहेर गाठ. सैल दोरा कापत नाही. तोंड मिटू देत नाही, इतकंच. पू साचत नाही, म्हणून गळू होत नाही. ही कल्पना फार जुनी. घोड्याचा केस घालून वळलेला दोरा भगंदरात ओवायचा, असं हिपोक्रेटसच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. क्षयाचा रिपोर्ट निर्मळ आला.

त्याच सुमारास दोऱ्याचा दुसरा पंथ पुढे आला, क्षारसूत्राचा: क्षाराचे लेप दिलेला दोरा नळीत ओवून ती हळूहळू कापत न्यायची आयुर्वेदातली रीत. मला वाटलं होतं सर्जनबाई नाक मुरडतील. तसं झालं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या दोन उपचारांची अनेक केंद्रांत तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष छापले आहेत, हे त्यांनीच सांगितलं: शस्त्रक्रियेने जखम साधारण ४ आठवड्यांत भरली, क्षारसूत्राने ८, पण परत उपटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, क्षारसूत्रानंतर ४. "पण एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "तो दोराही कापतोच. आठवड्याआठवड्याने कापतो, मागून भरत येतं, म्हणून स्नायूची टोकं लांब जात नाहीत. फुकट काही नाही."

सुश्रुताने भगंदर आठ महारोगांत धरला आहे. त्याचे पाच प्रकार केले, आणि नावं अशी की माणसाने स्वतः बघितल्याशिवाय सुचू नयेत: चाळणीसारखी भोकं पडतो तो शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उष्ट्रग्रीव, शंखाच्या वेटोळ्यांचा शंबूकावर्त. क्षाराच्या दोऱ्याचा उल्लेखही त्याच्याकडे आहे, पुढे चक्रदत्त या वैद्यकग्रंथात दोरा करायची रीत आली, आणि मग हे जवळजवळ विसरलं गेलं. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकात ते पुन्हा उभं केलं, मोजून-मापून, नोंदी ठेवून. दोरा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा. त्यावर एकूण २१ लेप: आधी ११ निवडुंगाच्या चिकाचे, मग ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटी ३ चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळवून मग पुढचा. मी उत्तर दिलं. ताबा थोडा ढळला तर चालेल, पण हे पुन्हा पुन्हा नको. आणि कापायचंच तर हळू कापा. बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र आहे. क्षारसूत्राचं नाव काढलं की गोव्यात कुणीतरी यांतल्या एका दिशेला बोट दाखवतंच. मी एका वैद्यांकडे गेलो ते बाईंचीच चिठ्ठी आणि एमआरआयची चित्रं घेऊन. वैद्यांनी चित्रं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, पुन्हा बोटाने तपासलं, मग होकार दिला.

दर आठवड्याला दोरा बदलायचा. जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधायचा आणि ओढून घ्यायचा. क्षण दोन क्षणांचं काम, पण ते दोन क्षण डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नंतरची आग दिवसभर पुरते. निघालेला दोरा वैद्य पट्टीवर ठेवून मोजायचे: गेल्या खेपेपेक्षा किती आखूड. आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. घरी दिवसातून दोन-तीनदा टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसायचं. नाश्त्याला उकड्या तांदळाची पेज, भरपूर पाणी, आणि कुंथायचं नाही. तिखटाने भगंदर होत नाही, असं दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगूनही हुमणावर, म्हणजे माशांच्या कालवणावर, घरात बंदी आली. पावसाळ्याची मासेबंदी चालूच होती, त्यामुळे 'मुहूर्त बरा साधला' असं मावशीचं मत पडलं.

पू आणि लस यायची, म्हणून पॅड लावावं लागे. सॅनिटरी पॅड. पहिल्या दिवशी फार्मसीत मी कापूस आणि गॉज घेऊन आलो. दुपारपर्यंत त्याचा बोळा कुठल्या कुठे गेला. बायकोने कपाटातून तिचं पाकीट काढून दिलं, कसं लावायचं ते दाखवलं. मी म्हटलं, "बँकेत हे लावून दिवसभर बसायचं? कुणाला कळलं तर?" ती म्हणाली, "मग आम्ही काय करतो?" आणि डबा भरायला गेली.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली तेव्हा दोरा अजून होता. घरात प्रश्न निघाला की जखम वाहत असताना मी पूजेला बसावं की नाही. आईने भटजींना फोन केला. भटजी म्हणाले, दुखणं आहे, दुखण्याला दोष नाही. सगळ्यांचं समाधान झालं. बायको हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होती. तिने वर बघितलं नाही, पण थापण्याचा आवाज जरासा वाढला. गेली वीस-बावीस वर्षं त्या पाकिटाच्या दिवसांत ती कधी माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, आलेली नाही, आणि तेच पाकीट वापरणाऱ्या मला परवानगी फोनवर मिळाली. यावर त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. अखेर पाटावर मांडी घालता येईना म्हणून धाकटा भाऊ पूजेला बसला. मी उभ्याने पत्री निवडून देत होतो, आघाडा त्यात होताच. हळद घरची, निवडुंग आमच्या मागच्या गडग्यावर. एवढं सगळं परसात असून दोरा मात्र वैद्यांकडूनच घ्यायचा. हे मुद्दाम लिहितो, कारण हे ऐकल्यावर एका चुलत्यांनी निवडुंगाचा चीक घरीच लावून बघायची तयारी केली होती. चीक कातडी भाजून काढतो, आणि डोळ्यांत गेला तर विचारू नका.

चवथीनंतर काही आठवड्यांनी दोरा आपणहून गळून पडला; वाट कापून संपली होती. मागे उरलेली उथळ जखम भरायला आणखी थोडे दिवस गेले. मी दिलेली किंमत सांगतो. वारा पूर्वीइतका हुकमी राहिला नाही. घाईत जिना चढताना, मोठ्याने हसताना अंदाज चुकतो. पातळ शौचाला मात्र ताबा पूर्ण आहे. आकुंचनाचे व्यायाम बाईंनी शिकवले, ते गाडी सिग्नलला थांबली की करतो. बेरीज-वजाबाकी करून मला हा सौदा पटतो, आणि पटण्याचं मोठं कारण म्हणजे तो मी केला होता. माझ्याच वयाच्या, चारचौघांत गाणाऱ्या एखाद्याला हीच किंमत परवडली नसती. त्याने लिफ्ट निवडावी, परत झालं तर परत बघावं. स्वयंपाक करणाऱ्या, दिवसभर उकिडव्याने वावरणाऱ्या बाईचं उत्तर आणखी वेगळं असेल. एमआरआयच्या चित्रात यातलं काही दिसत नाही. ते तोंडाने सांगावं लागतं.

हे सगळं बाहेर कसं पसरलं कुणास ठाऊक, पण आता लोक मला फोन करतात. आधी पावसाची चौकशी करतात, मग मुलांची, मग आवाज खाली जातो. परवा दोडामार्गाहून एका लांबच्या नात्यातल्या मेव्हण्याचा आला. त्याला दोन वर्षं त्रास आहे, एकदा कुठेतरी कापून झालंय, परत वाहतंय. आता एका ठिकाणी लेझर करणार म्हणाला, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, गॅरंटी लेखी देतात.

"एमआरआय झाला?" मी विचारलं.

"नाय. ते म्हणाले लागत नाय."

"आतलं तोंड कुठे आहे ते सांगितलं?"

"तोंड?"

"स्नायू किती जाणार, ते विचारलंस?"

पलीकडे थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज. मग तो म्हणाला, "भावजी, हे सगळं त्यांना विचारायचं असतं?"

मी म्हटलं, कागद-पेन घे, सांगतो. तो पेन शोधायला गेला.